अमेरिकेत आपला माणूस खासदार होतो, महापौर होतो. मग राष्ट्राध्यक्ष का होऊ शकत नाही? नागरिकत्वाचे नियम सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची निवडणूक झोहरान ममदानी यांनी जिंकली. त्यांची आई म्हणजे आपल्या देशात जन्मलेल्या चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर कॅन घेऊन उभा होतो, तोवर गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला होता : "आता पुढचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष भारतीय!" खाली पन्नासेक अंगठे आणि झेंडे.

डेअरीवर त्यावरून चांगलीच जुंपली. एकजण म्हणाला, होणारच. दुसरा म्हणाला, तिकडे बाहेरच्याला उभंच राहू देत नाहीत. तिसऱ्याचा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. तो म्हणाला, "आमच्या पोराला दहा वर्षं झाली, अजून मतदान करता येत नाही, आणि तुम्ही राष्ट्राध्यक्षाचं बोलताय."

गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत. कुणी शिकायला गेलंय, कुणी कंपनीमार्फत. आज ना उद्या त्या घरांत प्रश्न येतो, पासपोर्ट बदलायचा की नाही? त्यामुळे हा विषय नुसता चहाच्या टपरीवरचा राहिलेला नाही. नियम नेमके काय आहेत, ते एकदा नीट समजून घेऊ.

पदाप्रमाणे अट वेगळी

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तिच्यात मोठ्या पदांसाठीच्या अटी अगदी थोडक्या शब्दांत दिल्या आहेत.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्या लोकसभेसारखं तिथे प्रतिनिधीगृह आहे आणि वरचं सभागृह म्हणजे सिनेट. फरक एवढाच की सिनेटचे सदस्यही तिथे लोकच मत देऊन निवडतात.

प्रतिनिधीगृहासाठी : वय किमान २५, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन किमान ७ वर्षं झालेली, आणि निवडून येताना त्याच राज्यात राहणारा.

सिनेटसाठी : वय किमान ३०, नागरिकत्वाला ९ वर्षं, आणि त्याच राज्याचा रहिवासी.

राष्ट्राध्यक्षासाठी : वय किमान ३५, अमेरिकेत किमान १४ वर्षं वास्तव्य, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जन्मतःच अमेरिकेचा नागरिक असला पाहिजे. उपराष्ट्राध्यक्षालाही हीच अट.

म्हणजे बाहेरून येऊन नागरिक झालेल्या माणसाला खासदार, सिनेटर, मंत्री, राज्याचा गव्हर्नर, शहराचा महापौर, न्यायाधीश, सगळं होता येतं. फक्त वरच्या दोन खुर्च्यांना हात लावता येत नाही. ममदानींचा जन्म १९९१ चा, आफ्रिकेतल्या युगांडा देशातल्या कंपाला शहरातला. सात वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कला आले आणि २०१८ साली अमेरिकेचे नागरिक झाले. त्यामुळे ग्रुपवरचा तो फॉरवर्ड खोटा. घटना बदलल्याशिवाय ते राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत.

सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासाठी मात्र घटनेत वय, जन्म, नागरिकत्व अशी कसलीच अट लिहिलेली नाही. फेलिक्स फ्रँकफर्टर हे व्हिएन्नामध्ये जन्मलेले गृहस्थ १९३९ पासून १९६२ पर्यंत तिथल्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते.

बेळगावचे ठाणेदार : वर्षांचा हिशोब बघा

आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. इथे 'श्री' म्हणजे मानाचा शब्द नाही, त्यांचं नावच श्री आहे. जन्म १९५५ चा, चिकोडीचा. वाढले बेळगावात. घरची परिस्थिती बेताची. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलं आणि १९७९ साली अमेरिकेला गेले. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचं मराठीतलं आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल.

ते १९८८ साली अमेरिकेचे नागरिक झाले. म्हणजे कायद्याने ते १९९५ पासून प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला पात्र होते. प्रत्यक्षात राजकारणात उतरले ते फार उशिरा. २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली, ती हरले. २०२० ला राज्याच्या विधानसभेत निवडून आले. २०२२ ला डेट्रॉइट भागातून प्रतिनिधीगृहात गेले आणि २०२४ ला पुन्हा निवडून आले. विमानातून उतरल्यापासून संसदेत शपथ घेईपर्यंत ४३-४४ वर्षं गेली.

प्रमिला जयपाल यांचंही तसंच. जन्म चेन्नईचा. सोळाव्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेल्या, २००० साली नागरिक झाल्या आणि २०१६ ला प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. या दोघांनाही सिनेटची दारं उघडी आहेत, राष्ट्राध्यक्षपदाची नाहीत.

उलट कमला हॅरिस बघा. त्यांची आई तमिळनाडूची, वडील जमैकाचे, दोघंही बाहेरून आलेले. पण कमलाबाईंचा जन्म १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. म्हणून त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभ्याही राहिल्या. निकी हेली आणि विवेक रामस्वामी यांचे आईवडीलही भारतातून गेलेले, पण हे दोघं तिकडेच जन्मलेले. म्हणून तेही उभे राहू शकले.

म्हणजे आईवडील कुठले हा प्रश्न नसतो. माणूस स्वतः जन्मतः नागरिक आहे का, एवढंच बघितलं जातं.

ही अट घातली तरी का?

अमेरिका तेव्हा नुकतीच इंग्रजांच्या तावडीतून सुटली होती. पुढाऱ्यांना धास्ती होती की युरोपातला एखादा राजा आपला माणूस पाठवील, पैसा ओतील आणि देशाची सत्ता ताब्यात घेईल. सैन्याचा सेनापती राष्ट्राध्यक्षच असतो. जुलै १७८७ मध्ये जॉन जे या पुढाऱ्याने जॉर्ज वॉशिंग्टनला पत्र लिहून सुचवलं की सेनापतीपद जन्माने नागरिक असलेल्या माणसालाच मिळावं. पुढे ते घटनेत आलं.

मात्र त्या वेळी एक अडचण होती. देशच नवा. मग जन्माने नागरिक असलेला पस्तिशीचा माणूस आणायचा कुठून? म्हणून पळवाट ठेवली : घटना लागू होताना जे नागरिक असतील त्यांनाही चालेल. पहिले सात राष्ट्राध्यक्ष इंग्रजांचे प्रजाजन म्हणूनच जन्मले होते. स्वतंत्र अमेरिकेत जन्मलेला पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणजे आठवा, मार्टिन व्हॅन ब्यूरेन.

संसदेसाठी सात आणि नऊ वर्षांची अट ठेवण्यामागे साधा विचार होता. माणूस आला की लगेच कायदे करायला बसू नये, आधी देश समजून घ्यावा; पण त्याला कायमचं बाहेरही ठेवू नये. सिनेटकडे परराष्ट्रांशी होणारे करार मंजूर करण्याचं काम असतं, म्हणून तिथे दोन वर्षं जास्त.

निवडून आले, पण खुर्ची गेली

आपल्याकडे जात पडताळणीचा दाखला वेळेत दिला नाही म्हणून सरपंचाचं पद गेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तिकडेही असं घडलंय.

अल्बर्ट गॅलॅटिन हे स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाहून आलेले. १७९३ साली पेनसिल्व्हेनियातून सिनेटवर निवडून गेले. विरोधकांनी हरकत घेतली की यांच्या नागरिकत्वाला नऊ वर्षं झालेली नाहीत. १७९४ साली मतदान झालं, १४ विरुद्ध १२, आणि त्यांना घरी जावं लागलं. पण तो माणूस खचला नाही. पुढे वर्षं भरल्यावर प्रतिनिधीगृहात आले आणि नंतर तब्बल तेरा वर्षं देशाचे अर्थमंत्री होते.

जेम्स शील्ड्स हे आयर्लंडचे. १८४९ साली इलिनॉय राज्यातून सिनेटवर गेले. त्यांच्या नागरिकत्वाला नऊ वर्षं भरायला काही महिने कमी पडत होते. निवड रद्द झाली. ते महिने उलटले, त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा निवडून आले आणि खुर्चीवर बसले.

तिसरं उदाहरण जास्त विचार करायला लावणारं. १८७० साली हिरम रेव्हल्स हे मिसिसिपी राज्यातून सिनेटवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. ते अमेरिकेतच जन्मलेले. तरी विरोधक म्हणाले, १८५७ च्या कोर्टाच्या निकालाप्रमाणे काळी माणसं नागरिकच नव्हती. नागरिकत्व मिळालं ते यादवी युद्धानंतर, म्हणजे नऊ वर्षं झालीच कुठे? ज्या देशात पिढ्यानपिढ्या राबले, त्याच देशात त्यांना नवखं ठरवायचा हा प्रयत्न होता. सिनेटने ४८ विरुद्ध ८ मतांनी तो फेटाळला आणि रेव्हल्स शपथ घेऊन बसले.

नागरिकत्वाची अट कागदावर साधी दिसते. पण नागरिक कुणाला म्हणायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याच्या हातात सगळंच असतं.

शेतकरी खासदार : दलीपसिंग सौंद

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. आणि तो माणूस शेतकरी होता.

दलीपसिंग सौंद हे पंजाबातल्या अमृतसर जिल्ह्यातले. १९२० साली कॅलिफोर्नियात शिकायला गेले. गणितात पीएचडी केली. पण डिग्री असूनही भारतीय माणसाला त्या काळात त्या योग्यतेची नोकरी मिळत नव्हती. शेवटी ते इम्पिरियल व्हॅली नावाच्या उष्ण भागात गेले. कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम झाले आणि पुढे स्वतः शेती करायला लागले.

आता त्यांच्यापुढची अडचण बघा. तिथला जुना कायदा म्हणायचा की नागरिकत्व फक्त गोऱ्या माणसाला मिळेल. १८७० साली त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातली माणसं बाहेरच. १९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. कोर्टाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब नागरिकत्व नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंद यांची बाजू मांडणारे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून नागरिक होते. सरकारने त्यांच्याही मागे खटला लावला. पंडितांनी तो लढवला आणि जिंकला. पण सगळ्यांना ते जमलं नाही.

नागरिकत्व नाही म्हटल्यावर पुढचं ओघाने आलं. कॅलिफोर्नियात १९१३ पासून कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही, त्याने शेतजमीन घ्यायची नाही. त्यामुळे अनेक पंजाबी शेतकऱ्यांना दुसऱ्याच्या नावावर व्यवहार करून शेती करावी लागली. घाम यांचा, कागद दुसऱ्याच्या नावाचा. यात काय धोका असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सौंद यांनी इतर भारतीयांबरोबर कायदा बदलण्यासाठी चळवळ केली. २ जुलै १९४६ ला नवा कायदा झाला आणि भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. १९४९ च्या डिसेंबरमध्ये सौंद नागरिक झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५० मध्ये, गावपातळीच्या न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडून आले. तिथे न्यायाधीशसुद्धा निवडणुकीने होतात. पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला एक वर्ष पूर्ण व्हायला काही आठवडे कमी होते. पद नाकारलं गेलं. १९५२ ला पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले आणि या वेळी खुर्चीवर बसले.

१९५६ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले. नागरिकत्वाला सात वर्षं त्याच डिसेंबरात पूर्ण झाली आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. काँग्रेसमध्ये जाणारे ते पहिले भारतीय, पहिले आशियाई. ठाणेदार, जयपाल हे सगळे त्यांनी पाडलेल्या वाटेवरून चालतायत.

मुलगा तिकडे आहे. नागरिक कधी होणार?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. पुष्कळांचा समज असतो की अमेरिकेत पाच वर्षं राहिलं की नागरिकत्व मिळतं. हा समज चुकीचा आहे. पाच वर्षं मोजतात ती ग्रीन कार्ड मिळाल्यापासून, विमानातून उतरल्यापासून नाही.

ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा परवाना. शिक्षणाच्या किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली वर्षं यात धरत नाहीत. आणि खरी अडचण ग्रीन कार्डचीच आहे. एका देशाच्या लोकांना एका वर्षात एकूण कार्डांच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं देत नाहीत. भारतातून अर्ज करणारे प्रचंड, त्यामुळे नोकरीवर ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झालेली आहे. डेअरीवरच्या त्या पुतण्याचं घोडं इथेच अडलंय.

ग्रीन कार्ड मिळाल्यानंतरच्या मुख्य अटी अशा :

• वय १८ पूर्ण.
• ग्रीन कार्डला ५ वर्षं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर ३ वर्षं.
• त्या पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं. लांबच्या लांब सुट्ट्या काढून गावी राहिलं तर अडचण येते.
• वर्तणूक चांगली. गुन्हे, कर बुडवणं, खोटी माहिती, हे सगळं तपासतात.
• इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता येणं.
• अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यावर तोंडी परीक्षा.
• शेवटी निष्ठेची शपथ.

परीक्षेचे नियम अलीकडे कडक झाले. आधी १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची आहे. २० प्रश्न विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. प्रश्न साधेच असतात : सिनेटमध्ये सदस्य किती, झेंड्यावर पन्नास तारे का, अशा प्रकारचे. वयस्कर लोकांना सवलत आहे. ५० च्या पुढचं वय आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा ५५ च्या पुढचं वय आणि १५ वर्षं असतील तर इंग्रजीची अट माफ होते. इतिहासाची परीक्षा मग आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत देता येते.

एक हिशोब मांडून बघू. समजा एखादा मुलगा बावीसाव्या वर्षी २०२६ ला गेला. ग्रीन कार्डला १५ वर्षं लागली असं धरू, म्हणजे २०४१. त्यानंतर पाच वर्षांनी, २०४६ ला, नागरिक. प्रतिनिधीगृहाला पात्र २०५३ ला, सिनेटला २०५५ ला. तोवर त्याचं वय एकोणपन्नास-एक्कावन्न. ठाणेदारांना उशीर का झाला असेल, याचा यावरून अंदाज येईल.

एका घरातले दोन भाऊ

नियमाची खरी गंमत इथे आहे. समजा एक जोडपं सांगलीहून अमेरिकेला गेलं. थोरला मुलगा सांगलीत जन्मलेला, जाताना दोन वर्षांचा. धाकटा न्यू जर्सीत जन्मला. पुढे आईवडील नागरिक झाले. थोरला तेव्हा अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डवर असेल आणि आईवडिलांजवळ राहत असेल, तर तोही कायद्याने आपोआप नागरिक होतो.

दोघं एकाच शाळेत गेले, एकाच घरात भाकरी-आमटी खाऊन वाढले. पण थोरल्याची धाव सिनेटपर्यंत आणि गव्हर्नरपदापर्यंत. राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो तो धाकटाच.

अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचं हेच झालं. जन्म ऑस्ट्रियाचा, १९८३ साली अमेरिकेचे नागरिक, २००३ पासून २०११ पर्यंत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर. त्यापुढे रस्ता बंद. २००३ साली एका सिनेटरने घटनादुरुस्ती सुचवली होती की २० वर्षं नागरिक असलेल्यालाही राष्ट्राध्यक्ष होऊ द्यावं. ती पुढे सरकली नाही. तिकडे घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते.

परराष्ट्रमंत्री असलेले हेन्री किसिंजर जर्मनीत जन्मलेले, मॅडलिन अल्ब्राइट प्रागमध्ये. राष्ट्राध्यक्षाला काही झालं तर कारभार कुणाकडे जाईल याची तिथे क्रमवारी ठरलेली असते. परराष्ट्रमंत्र्याचं नाव त्यात वर असतं. पण या दोघांच्या बाबतीत ते नाव ओलांडून पुढे जावं लागलं असतं.

जन्माने नागरिक म्हणजे नक्की कोण?

घटनेत हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ दिलेला नाही. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला, हा सरळ अर्थ. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तिथे जन्मलेल्याला नागरिक मानलं. १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला.

बाहेर जन्मलेला, पण जन्मतःच आई किंवा वडिलांमुळे अमेरिकन नागरिक असलेला माणूसही यात बसतो, असं बहुतेक कायदेपंडित मानतात. जॉन मॅककेन पनामा कालव्याच्या भागात जन्मले, टेड क्रूझ कॅनडात. दोघंही राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. बराक ओबामा तर हवाईतल्या होनोलुलूला जन्मलेले, तरी ते आफ्रिकेत जन्मले अशी अफवा वर्षानुवर्षं फिरवली गेली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये त्यांनी जन्माचा सविस्तर दाखला जगासमोर ठेवला. खोटे फॉरवर्ड फक्त आपल्याच गावात फिरतात असं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर किंवा बेकायदा राहत असेल, आणि वडीलही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मिळणार नाही. खालच्या कोर्टांनी त्याला स्थगिती दिली आणि विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ज्यांच्या सुनेचं किंवा मुलीचं बाळंतपण तिकडे आहे, त्यांनी ग्रुपवरच्या मेसेजवर जाऊ नये. तिथल्या वकिलाला विचारावं.

आपल्याकडे काय?

भारतात असा भेद नाही. राष्ट्रपतीसाठी वय ३५ आणि भारताचा नागरिक असणं पुरेसं आहे. जन्म इथलाच हवा अशी अट नाही. पंतप्रधानासाठीही नाही. सोनिया गांधी जन्माने इटलीच्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. कायद्याने त्यांना कुठलंही पद खुलं होतं. पण त्यांच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावरून १९९९ साली शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. जो प्रश्न अमेरिकेच्या घटनेने एका वाक्यात मिटवला, त्यावरून महाराष्ट्राचं राजकारण पंचवीस वर्षं बदलत राहिलं.

दुसरा फरक. आपल्याकडे पंचायतीला उभं राहायचं तर राज्याचे कायदे बरंच काही मागतात. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत संसदेसाठी घटनेत आहेत त्यापेक्षा एकही जास्त अट राज्याला घालता येत नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. राज्याच्या आणि शहराच्या पदांसाठी मात्र राज्यं आपापले नियम करतात. म्हणून तर ममदानी २०१८ ला नागरिक झाले आणि २०२० लाच न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत निवडून आले. तिथे सात वर्षांची अट नव्हती.

पासपोर्ट बदलण्याआधी घरात बसून बोला

शेवटचं, पण आपल्यासाठी सगळ्यात कामाचं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिका जुना पासपोर्ट काढून घेत नाही, पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे ज्या दिवशी मुलगा तिकडची शपथ घेतो, त्या दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो.

त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येतं. त्यावर येणं-जाणं, राहणं सोपं होतं. पण ते नागरिकत्व नव्हे. ओसीआय कार्डावर गावात मतदान नाही, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीच निवडणूक नाही. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर मुलगा भारतीयच राहतो. परदेशी राहणारा मतदार म्हणून नाव नोंदवलं असेल तर तो गावी येऊन मतदानही करू शकतो.

आणि जमीन. परदेशात राहणारा भारतीय असो वा ओसीआय कार्डवाला, त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र राहते. म्हणून "पोराच्या नावावर चार एकर घेऊन टाकू" असा बेत असेल तर आधी वकिलाला विचारा.

तिकडे असलेल्या मुलांना एक निरोप जरूर द्या. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असताना चुकूनही मतदार यादीत नाव घालू नका, मतदान करू नका. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांत स्थानिक निवडणुकीत बाहेरच्यांना मत देता येतं, पण देशाच्या निवडणुकीत ते गुन्हा आहे. त्यापायी देशाबाहेर काढतात. तसंच अर्जात खोटं लिहून मिळवलेलं नागरिकत्व पुढे कधीही रद्द होऊ शकतं.

डेअरीवरच्या त्या तिसऱ्या गड्याला मी हे सगळं सांगितलं. तो कॅन उचलता उचलता म्हणाला, "म्हणजे तिकडचं मत मिळवायला इकडचं मत सोडायचं." हिशोब त्याने बरोबर मांडला. सौंद यांना एका मतासाठी, एका सहीसाठी आणि जमिनीच्या एका कागदासाठी एकोणतीस वर्षं थांबावं लागलं होतं. आपल्या मुलांना तेवढं झगडावं लागत नाही. पण घ्यायचं काय आणि सोडायचं काय, हे ठरवताना घरच्यांनी एकत्र बसावं.